दिव्यांग कारागिरांचा दर कसा ठरवायचा? (अंबाजोगाईहून)

अंबानगरी

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून अंबाजोगाईत वाकळी (जुन्या कापडाच्या गोधड्या) आणि कापडी पिशव्या शिवायचं काम चालवतो. गटात बहुतेक जण दिव्यांग आहेत. कुणाला लहानपणी पोलिओ झालेला, दोघी बहिणी कर्णबधिर, एक मावशी दृष्टी गेलेल्या, एका तरुणाचा उजवा हात मळणी यंत्रात गेलेला. काम चांगलं होतं. अडचण विक्रीची आणि मजुरीची आहे, म्हणून हा धागा काढतोय.

जो भेटतो तो एकच सल्ला देतो: ‘दिव्यांगांनी बनवलेलं’ अशी ठळक पाटी लावा. प्रदर्शनात तशी पाटी लावली की माल खपतो, हे खरं आहे. पण तो गिऱ्हाईक परत येत नाही. त्याच्या लेखी ते दान होतं, आणि दान माणूस सणासुदीला करतो. दिवाळीच्या तोंडावर पणत्या, आकाशकंदील, पाकिटं यांच्या ऑर्डरी येतात, फोटो निघतात, आणि तुळशीचं लग्न झालं की हात रिकामे. आमच्या बीड जिल्ह्यात नेमका तोच काळ वाईट. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या निघाल्या की तांड्यावर, वस्तीवर मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि ज्यांना कोयता धरता येत नाही ती. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, घरात बसून काढायचे महिने असतात ते. काम हवं असतं तेव्हाच.

माझ्या मते मानाचं काम म्हणजे बाजारात चालतो तो दर, ठरल्या दिवशी मजुरी, आणि माल परत आला तर का आला ते शिवणाऱ्याला तोंडावर सांगणं. शेवटची गोष्ट लोक टाळतात. खराब शिलाई ‘चालतंय की’ म्हणून ठेवून घेतात आणि मागून उसवून दुसऱ्याकडून शिवून घेतात. तो अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता दराचा प्रश्न. सराव असलेली, दिव्यांग नसलेली बाई एक वाकळ किती तासांत पुरी करते ते आम्ही मोजलं. तासाचा दर असा धरला की आठ तासांचे पैसे भागातल्या शेतमजुरीच्या रोजाच्या खाली जाऊ नयेत. त्यावरून नगाचा दर काढला आणि तोच सगळ्यांना लावला. पण मावशींचा हात हळू चालतो. तोच दर असूनही त्यांच्या पदरात निम्मे पैसे पडतात. हे न्यायाचं आहे का? जाणत्यांनी बोलावं.

मोंढेकरी

दादा, माझं जालन्यात कापडाचं दुकान आहे. घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. दुकानदाराला तीन गोष्टी लागतात: माप, रंग, तारीख. ६० बाय ९० इंच म्हटलं की प्रत्येक नग तेवढाच भरला पाहिजे. जुनी साडी वापरता तर ती आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघा, रंग सोडणारी बाजूला काढा. आणि ऑर्डर सांगितल्या दिवशी.

मागं एका संस्थेकडून लग्नात आहेराला द्यायच्या पिशव्या घेतल्या होत्या. लग्न झाल्यावर आल्या. संस्थेचे लोक म्हणाले, मुलं दिव्यांग आहेत, समजून घ्या. मी घेतलं समजून, पण लग्नघरच्यांनी कसं घ्यावं? त्यानंतर माझं धाडस झालं नाही. त्यात मुलांचा काय दोष होता? ऑर्डर घेणाऱ्यानं दिवस मोजायला हवे होते.

स्पर्श

मी जन्मतः अंध आहे, परभणीला असतो. दोन गोष्टी बोलतो.

पहिली. आम्हाला शाळेत वेताची खुर्ची विणणं, खडू, मेणबत्ती एवढंच शिकवलं. सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या होत्या तोवर त्या विणून पोट भरणारे अंध लोक होते. प्लास्टिकच्या आणि फोमच्या खुर्च्या आल्या, ते काम संपलं. तरी नंतरच्या मुलांना वेतच शिकवत राहिले, कारण शिकवणाऱ्यांना तेच येत होतं. बाजारात काय विकतं हे कुणी जाऊन बघितलं नाही. दिव्यांगांसाठी कोणता धंदा हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. आधी खपणारी वस्तू धरा, तिची कामं सुटी करा, मग त्यातलं कुणाला काय जमतं ते बघा.

दुसरी, मावशींबद्दल. त्यांना धावदोऱ्याला बसवलंय का? त्यात त्या मागं पडणारच. दोन उपाय सांगतो. वरून फट असलेली सुई मिळते, दोरा वर ठेवून दाबला की आपोआप नेढ्यात बसतो. आणि एक लाकडी पट्टी करून घ्या, कडेला टाक्याच्या अंतरानं खाचा पाडलेली. पट्टी कापडावर ठेवायची, खाचेत नख टेकवायचं, तिथं सुई घालायची. ओळ वाकडी जात नाही.

पण खरं सांगू? मावशींना शिवणावर ठेवूच नका. जुन्या साड्या, धोतरं येतात ती तपासायला कोण आहे तुमच्याकडं? कापड कुठं विरलंय ते डोळ्याला कळायच्या आधी बोटाला कळतं. दोन्ही हातांत ताणून अंगठा फिरवला की विरलेली जागा पातळ, मऊ लागते. उभा धागा कुठला, आडवा कुठला तेही कळतं, आडवा ओढला की जास्त ताणतो. थर लावताना सगळ्या थरांचा उभा धागा एका दिशेला आला नाही तर धुतल्यावर वाकळ वाकडी होते. हे काम मावशी डोळस माणसाच्या बरोबरीनं करतील, कदाचित वरचढ. मग त्यांना कमी पैसे पडायचा प्रश्न येणार नाही.

अंबानगरी

स्पर्श दादा, फार मोलाचं सांगितलंत. कापड तपासणीला सध्या कुणीच नाही, जो मोकळा असेल तो बघतो. वाकळी धुतल्यावर मधेच फाटल्याच्या तक्रारी आल्यात त्या त्यामुळंच असाव्यात. मावशींना विचारतो. त्यांना शिवायचीच हौस असेल तर पट्टी करून देऊ, तपासणी पटली तर तिचा वेगळा दर लावू.

तेरणाकाठी

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, घर अंगावर आलं. मणका मोडला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपानं अधू झालेल्यांची एक पिढीच आहे. पुनर्वसनात घरं मिळाली, त्याबद्दल ऋणी आहे. पण हाताला काय येतं हे कुणी विचारलं नाही. मला औताची, चाड्याची सगळी लाकडी कामं येत होती.

दरावर सगळे बोलायलेत, मी जागेवर बोलतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात काम करायला लावू नका. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली घाम नीट येत नाही, अंग तापत राहतं आणि त्याला कळतही नाही. आमच्या उन्हात हे जीवावर बेततं. सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर काम ठेवा. दुसरं, आम्हाला थोड्या थोड्या वेळानं हातावर जोर देऊन बूड उचलावं लागतं, नाहीतर जखम होते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मुकादम म्हणतो कामचुकार आहे. तसं नसतं. तिसरं, संडास. चाकाची खुर्ची आत जाईल एवढं दार नसेल तर माणूस दिवसभर पाणी पीत नाही. बायकांचं तर विचारूच नका. कामाला येणं बंद होतं ते कितीदा एवढ्यावरूनच.

शिलाई मशिनचं मी असं केलंय: मोटर बसवली, तिचं पायानं दाबायचं पेडल टेबलावर डाव्या कोपराखाली ठेवलं. कोपर दाबलं की मशिन चालतं, दोन्ही पंजे कापडाला मोकळे. वीज गेली की थांबावं लागतं, म्हणून जुनं हातचाकही ठेवलंय. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला लावा आणि वीज नसते तेव्हा कच्चे टाके, घड्या, गाठी मारणं ही कामं घ्या.

गोदाकाठ

पैठणचा आहे, घरात माग आहे. तेरणाकाठी भाऊंच्या पोस्टवरून सुचलं.

पैठणीचा माग खड्ड्यातला. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं पट्ट्या दाबून ताणा, म्हणजे उभे धागे, उघडतो. म्हणून पायानं अधू माणसाला हे काम नाही असं धरून चालतात. पण पैठणीची वीण मुळात साधी, दोन पट्ट्यांची. त्या दोन पट्ट्यांना मधे टेकू देऊन एकच झोका केला तर एका पायानं पुढं-मागं रेटून चालतं. आमच्या ओळखीतला एक विणकर असाच विणतो. त्याच्या पदरावरचा मोर बघून कुणी सांगू शकणार नाही. नक्षी हातानं घडते, रंगाची प्रत्येक कांडी वेगळी फिरवून, पायाचा तिथं काही संबंध नाही.

आणि विणण्याआधीची कामं कितीतरी. कांड्या भरणं. रेशीम सोडवणं. नवा ताणा चढवताना जुन्याच्या प्रत्येक टोकाला नवं टोक पीळ देऊन जोडायचं असतं, हजारो टोकं, बसून करायचं काम. आजवर ही कामं घरातल्या बायका करत आल्या आणि त्याचे पैसे कधी वेगळे धरलेच गेले नाहीत. दिव्यांगांना ही कामं देताना तसंच होईल, ‘घरबसल्या थोडं करतो’ म्हणून मातीमोल. साडीच्या किमतीत या कामांचा वाटा किती ते आधी लिहून काढा.

कर्णबधिरांबद्दल एक. हिमरू कापडाच्या, पैठणीच्या नक्षीचा आलेख कागदावर असतो. तो वाचायला बोलणं लागत नाही. फक्त बदल झाला की तोंडी सांगून मोकळं होऊ नका, फळ्यावर लिहा किंवा नमुना विणून समोर ठेवा. मालक हाक मारतो, त्याला ऐकू जात नाही, आणि ओरडा मात्र तो खातो.

लातूरची आई

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. इथं बहुतेक जण हाताचं, पायाचं बोलताहेत म्हणून लिहिते.

त्याला दहापर्यंत मोजता येत नाही, पण नमुन्याला जुळवता येतं. एका फळीवर दहा पिशव्यांच्या आकाराचे दहा चौकोन आखून दिले. सगळे चौकोन भरले की गठ्ठा बांधायचा. त्याचा गठ्ठा कधी नऊचा किंवा अकराचा झाला नाही. इतर मुलं गप्पा मारताना चुकतात, हा नाही चुकत. पण जागा बदलली, फळी बदलली की घाबरतो. म्हणून बदल करायचा असेल तर दोन दिवस आधीपासून दाखवावा लागतो.

पैशाचं बोलायचं तर त्याची मजुरी कुणाच्या खात्यात जाते ते बघा. आमच्या ओळखीत एका मुलीची मजुरी भावाच्या खात्यात जायची आणि तिला वर्षभर त्यातला रुपया दिसला नव्हता. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याला स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. १८ वर्षं पूर्ण झाली की तिथं पालकत्वाचा अर्ज करायचा. ते पत्र आलं की बँकेचं खातं मुलाच्या नावानं चालवता येतं. पालकत्व म्हणजे पैसा पालकाचा झाला असं नाही, हेही घरात समजावून सांगावं लागतं. मी दर महिन्याला थोडी रक्कम रोख त्याच्या हातात देते. तो स्वतः जाऊन बहिणीसाठी बांगड्या आणतो. त्या दिवशी त्याची चाल वेगळी असते.

काळा कोट

वकील आहे, हिंगोलीला प्रॅक्टिस करतो. दराबाबत एक इतिहास माहीत असावा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम २६ होतं. सरकारनं ठरवलं तर दिव्यांग कामगारांच्या मजुरीला हा कायदा लागू नाही असा आदेश काढायची मुभा त्यात होती. म्हणजे कमी हात म्हणजे कमी मोल, हे कायद्यानंच कधीकाळी मान्य धरलं होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच्या उलट दिशेनं जातो. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देणं हा हक्क धरलाय. कोपराखालचं पेडल, खाचांची पट्टी, दहा चौकोनांची फळी या सगळ्या वाजवी सोयीच आहेत. सोय न करता ‘हात हळू आहे’ म्हणणं हा अर्धा हिशोब झाला.

म्हणून अंबानगरी यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: नगाचा दर सगळ्यांना एक, पण त्याखाली तासाचा तळ ठेवा. सोय करून, काम बदलूनही ज्याचा हात हळूच राहतो त्याला निदान तासाचे ठरलेले पैसे मिळावेत. तो फरक गटाच्या नफ्यातून भरा आणि हिशोबात उघड लिहा.

मोंढेकरी

वकीलसाहेब, नफा असला तर ना! गटाचा नफा सुरुवातीला काय राहणार? तळ ठेवला आणि माल महाग पडला तर मी दुसरीकडून घेईन, कारण मलाही विकायचाय.

काळा कोट

म्हणूनच मालाची निवड महत्त्वाची. चार-पाचशेच्या, मशिनवर निघणाऱ्या दुलईशी टक्कर घेऊ नका, तिथं हरणारच. हातच्या धावदोऱ्याची वाकळ पुण्या-मुंबईत हातकामाच्या किमतीला जाते, त्यात तळाला जागा आहे. पिशव्यांत कमी आहे, तिथं हात जलद असलेल्यांना बसवा.

निवृत्त ग्रामसेवक

योजनांचं विचारलं नाही तरी लिहितो, उपयोग होईल.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आपल्याकडं घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली, त्यामुळं स्वउत्पन्नच तुटपुंजं. समजा २ लाख असेल तर वाट्याला १० हजार. ते गावातल्या सगळ्या दिव्यांगांत वाटले की प्रत्येकाला किरकोळ रक्कम आणि हिशोब संपला. त्यापेक्षा गावच्या दिव्यांगांनीच ग्रामसभेत सांगावं की यंदा एक मोटरचं मशिन घ्या, पुढच्या वर्षी दुसरं. मागणी त्यांच्या तोंडून आली पाहिजे.

सरकारच्या ‘उमेद’ अभियानात बचत गटाला एरवी १० बायका लागतात, दिव्यांगांचा गट ५ जणांचाही चालतो आणि त्यात पुरुषही घेता येतात. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपी, टोपल्या-चटया-झाडू, खेळणी, चर्मकाम आहे. हातमाग नाही, पैठणच्या मंडळींनी लक्षात घ्यावं. अवजारांसाठी १५ हजार मिळतात. पण एका कुटुंबातल्या एकालाच लाभ. घरात एक धडधाकट भाऊ आणि एक दिव्यांग भाऊ असेल तर अर्ज कुणाच्या नावानं जातो, ते मी नोकरीत पाहिलंय. आई-वडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे, शिलाई येते त्याच्या नावानं भरा.

मोठं काही करायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांगाला ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. बँक मात्र उंबरे झिजवायला लावते.

आणि एक भीती. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगांना आता महिना अडीच हजार झालंय. उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे. म्हणून लोक म्हणतात, मजुरी रोख द्या, कागदावर नको, नाहीतर अनुदान जाईल. त्यांचं चुकत नाही. ऑर्डर कधी बंद पडेल सांगता येत नाही, अनुदान महिन्याला येतं. बिनभरवशाच्या कामासाठी भरवशाचे पैसे कोण सोडेल? वर्षभर पुरेल एवढं काम गटाकडं असेल तेव्हाच हा प्रश्न सुटेल.

कुबडी आणि कात्री

मी किनवटकडची, तांड्यावरची. पोलिओमुळं कुबडी वापरते, बंजारा भरतकाम करते, आरसे-कवड्यांचं. सगळ्यांचं वाचलं. एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे.

पाटी नको म्हणता, पण मग आम्ही दिसणार कुठं? दुकानात माझी पिशवी टांगली जाते आणि कुणाला ठाऊकही नसतं की ती मी केली. गावात अजून म्हणतात, हिला काय येतंय, बसून खाते. माझं नाव दिसावं असं मला वाटतं. पण ‘दिव्यांग महिलेनं बनवलेली’ हे माझं नाव नाही. एका प्रदर्शनात माझ्या शेजारी कुबडी मुद्दाम पुढं ठेवायला सांगितली, फोटोसाठी. मी नाही ठेवली. माझं नाव, तांड्याचं नाव आणि टाक्याचं नाव लिहा, आणि काय लिहायचं ते मला विचारून लिहा. कुणाला आपलं दिव्यांगत्व सांगायचं असेल तर त्यानं सांगावं, तो त्याचा अधिकार.

गोदाकाठ

ताई, तुमचं पटलं. यावरून नांदेडचं उदाहरण देतो. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते, कापड उदगीरला विणलं जातं. ध्वजाचं कापड ठरलेल्या मानकाला उतरावं लागतं, धागा, वजन, रंग, शिलाई सगळं तपासतात. घेणारा कधी विचारत नाही की सूत कुणी कातलं आणि त्याची परिस्थिती काय. माल मानकात बसला की दर मिळतो. पण नुसत्या दर्जावरही निभत नाही. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला, पॉलिस्टरच्या आणि मशिनवरच्या ध्वजांना परवानगी मिळाली, आणि खादीच्या ध्वजांची मागणी घटली. तेव्हा एकाच वस्तूवर, एकाच मोठ्या गिऱ्हाईकावर गट उभा करू नका.

अंबानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. गटात बसून हे मोठ्यानं वाचलं, बहिणींना लिहून दाखवलं. ठरलं ते असं: नगाचा दर एक, तासाचा तळ आठ महिन्यांसाठी ठेवून बघायचा. मावशी कापड तपासणीला तयार आहेत, पण म्हणाल्या की महिन्याला एक वाकळ मी पूर्ण माझ्या हातानं शिवणार, तिला पट्टी द्या. चिठ्ठीवर काय लिहायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं. दोघांनी नुसतं नाव सांगितलं, एकानं नाव नको म्हटलं.

संडासाचं दार मोजलं. खुर्ची जात नाही. गवंडी बोलावलाय.

मोंढेकरी

बरं, मग धंद्याचं बोलू. मे महिन्यात दोन लग्नं आहेत गिऱ्हाइकांकडं. आहेराच्या पिशव्या, १२ बाय १४ इंच, दुहेरी शिवण, हातात धरायचे बंद पक्के. ३०० नग. २० एप्रिलला दुकानात पाहिजेत. आधी दोन नमुने पाठवा. नमुना पसंत पडला नाही तर स्पष्ट सांगेन. दर काय लावता?

डावखुरा

अंबानगरीच्या गटातला मी. उजवा हात मळणी यंत्रात गेला तो मीच. पिशव्यांचं कटिंग माझ्याकडं आहे. टेबलाच्या कडेला दोन शिकंजे लावून कापड ताणून धरतो, डाव्या हातानं चाकाची कात्री फिरवतो. वीस थर एकदम जमतात, त्याहून जास्त घेतले तर खालचे सरकतात म्हणून घेत नाही.

काका, नमुने सोमवारी एसटी पार्सलनं टाकतो. एक बंद एकेरी शिलाईचा, एक दुहेरी आणि मधे फुलीचा टाका असलेला. दोन्हींत पाच किलो तांदूळ भरून टांगून बघा, मग ठरवा. दुहेरीचा दर ४२ रुपये नग, एकेरीचा ३८. कापड तुम्ही दिलं तर दर वेगळा सांगतो. ३०० नगांना निम्मे पैसे आगाऊ लागतील, कापड आणि दोऱ्यासाठी. २० तारखेचं म्हणाल तर १८ ला तयार ठेवतो, मधे दोन दिवस विजेसाठी धरलेत. उसवलेला नग निघाला तर बदलून देऊ, तुमच्याकडून येण्याजाण्याचं भाडं आमच्यावर.